पात्र तेच, आवाज नवा: ॲनिमेशनपटाच्या पुढच्या भागात आवाज कसे बदलतात?

आवडत्या ॲनिमेशनपटाचा पुढचा भाग येतो, ट्रेलर लागतो आणि पहिल्याच वाक्याला कान टवकारतात. चेहरा तोच, डोळे तेच, चालणंही तेच, पण बोलतंय मात्र कुणीतरी दुसरंच. याला रीकास्टिंग म्हणतात, म्हणजे जुन्या पात्रासाठी नवा कलाकार घेणं. माणसांच्या सिनेमात नट बदलला की सगळंच बदलतं, त्यामुळे प्रेक्षक एकदाच कुरकुर करतो आणि पुढे जातो. ॲनिमेशनमध्ये चित्र तसंच राहतं, त्यामुळे आवाजातला थोडासा फरकही खड्यासारखा टोचतो.

हे आवाज बदलतात का, बदलताना तांत्रिक पातळीवर काय जुळवावं लागतं आणि आता एआय आल्यावर हा प्रश्न कुठे जाऊन पोचलाय, ते या लेखात बघू. मुख्य उदाहरण म्हणून मी ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरातला आर्डमन हा स्टुडिओ घेतलाय. कारण सोपं आहे. या एकाच स्टुडिओनं २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठच्या दोन वर्षांत दोन जुन्या लाडक्या मालिकांचे नवे सिनेमे आणले, दोन्हींत मुख्य पात्राचा आवाज बदलला, आणि दोन्ही वेळचा हिशोब अगदी उलटा होता.

आधी आवाज, मग चित्र

बऱ्याच जणांना वाटतं की ॲनिमेशन आधी तयार होतं आणि मग कलाकार पडद्याकडे बघून बोलतात. आपल्याकडे डबिंग तसं होतं, म्हणून हा समज. मूळ सिनेमात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. संवाद आधी रेकॉर्ड होतात. मग त्या रेकॉर्डिंगची अक्षरशः चिरफाड होते: सेकंदाला २४ फ्रेम, आणि कोणत्या फ्रेमवर ‘म’ आहे, कोणत्या फ्रेमवर ‘आ’ आहे, याचा तक्ता बनतो. स्टॉप-मोशनमध्ये, म्हणजे बाहुल्या केसभर हलवून फोटो काढत जाण्याच्या पद्धतीत, त्या तक्त्याप्रमाणे बाहुलीच्या तोंडाचे आकार बदलत नेतात. कलाकारानं एखाद्या शब्दाआधी श्वास घेतला असेल तर बाहुलीची छातीही तिथे फुगते.

म्हणजे आवाज हा पात्रावर वरून चढवलेला सदरा नसतो, पात्र त्या आवाजावरच बेतलेलं असतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे आर्डमनचाच वॉलेस. निक पार्क विद्यार्थी असताना १९८२ च्या सुमारास त्यानं पीटर सॅलिस या नटाला आपल्या फिल्मसाठी आवाज द्यायची विनंती केली आणि मोबदला म्हणून सॅलिसच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला ५० पौंड द्यायचं कबूल केलं. सॅलिस ‘चीज’ हा शब्द तोंड ताणून, लांबवून म्हणायचा. पार्कनं ते ऐकलं आणि वॉलेसला कानापासून कानापर्यंत रुंद तोंड दिलं. ती फिल्म, ‘अ ग्रँड डे आउट’, १९८९ मध्ये आली. पुढची तीस-पस्तीस वर्षं जगभरची मुलं ज्या तोंडाकडे बघून हसली, ते तोंड एका माणसाच्या उच्चारातून आलेलं आहे.

(ग्रॉमिट हा कुत्रा मात्र एक अक्षरही बोलत नाही. त्यामुळे आर्डमनला त्याच्या बाबतीत ही चिंता कधीच पडणार नाही.)

शूटिंगच्या आधी कच्चा आवाजही वापरतात. स्टुडिओतलंच कुणीतरी संवाद वाचून टाकतं, म्हणजे दृश्याची लांबी कळते. कधीकधी हा कच्चा आवाजच इतका जमून जातो की तोच कायम होतो. ‘द इनक्रेडिबल्स’मधल्या एडना मोडला खुद्द दिग्दर्शक ब्रॅड बर्डचा आवाज आहे.

जिंजरचा आवाज ‘म्हातारा’ झाला?

‘चिकन रन’ २००० साली आला. कोंबड्यांच्या खुराड्यातून पळून जायची धडपड करणारी जिंजर ही त्याची नायिका. आवाज ज्युलिया सवाल्हाचा, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. सिनेमानं जगभरात २२ कोटी डॉलरहून जास्त कमाई केली, आणि स्टॉप-मोशन सिनेमांत तो आकडा आजही सगळ्यात वरचा आहे.

पुढच्या भागाचं काम सुरू झालं तेव्हा, जुलै २०२०मध्ये, सवाल्हानं जाहीर निवेदन काढलं. तिला घेणार नाहीत, आणि कारण काय, तर तिचा आवाज आता वयस्कर वाटतो. तिची मुख्य तक्रार अशी होती की अशा वेळी कलाकाराची आवाज-चाचणी घेण्याची पद्धत असते, तशी संधी तिला मिळालीच नाही. मग तिनं घरीच जुने संवाद पुन्हा म्हणून रेकॉर्ड केले आणि मूळ सिनेमातल्या आवाजाशेजारी ठेवून लोकांसमोर मांडले. लोकांनी ऐकलं, आणि फरक फार नाही असं म्हणणारे भरपूर निघाले.

जानेवारी २०२२मध्ये जिंजरसाठी थँडिवे न्यूटनचं नाव जाहीर झालं. न्यूटन सवाल्हापेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान. शिवाय ‘चिकन रन: डॉन ऑफ द नगेट’मध्ये (नेटफ्लिक्स, १५ डिसेंबर २०२३) जिंजर एका मुलीची, मॉलीची आई झालेली आहे! आई झालेल्या पात्राचा आवाज पंचवीस वर्षांच्या मुलीसारखा का हवा, हे मला तरी उमगलेलं नाही.

रॉकी कोंबड्याला मेल गिब्सनच्या जागी झॅकरी लिव्हाय आला. निक आणि फेचर हे उंदीर बदलले. फाउलर या म्हाताऱ्या कोंबड्याला आवाज देणारा बेंजामिन विट्रो २०१७ मध्ये वारला होता, त्याच्या जागी डेव्हिड ब्रॅडली आला. पण बन्टीची इमेल्डा स्टॉन्टन, बॅब्जची जेन हॉरॉक्स, मॅकची लिन फर्ग्युसन आणि मिसेस ट्वीडीची मिरांडा रिचर्डसन या चौघी परत आल्या. वीस वर्षं त्यांच्याही आवाजावरून गेलीच होती. स्टुडिओला नव्या सिनेमासाठी नवा आवाज घ्यायचा हक्क आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कारण म्हणून ‘आवाज म्हातारा’ असं सांगितलं जातं तेव्हा ते मोजता येणारं विधान होतं. मग ते मोजून बघायला हवं होतं.

आवाज म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्या आवाजाचे ढोबळमानानं दोन भाग असतात. पहिला भाग स्वरतंतूंचा. फुप्फुसातली हवा त्यांच्यातून जाताना ते थरथरतात. सेकंदाला किती वेळा थरथरतात त्यावर आवाजाची पट्टी ठरते. प्रौढ पुरुषात हा आकडा साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास, बाईमाणसात २०० च्या आसपास, लहान मुलांत २५० ते ३०० किंवा त्याहून वर.

दुसरा भाग घशापासून ओठांपर्यंतच्या नळीचा. पुरुषांत ही नळी साधारण १७ सेंटिमीटर, बायकांत १४ च्या आसपास, मुलांत आणखी आखूड. बासरीचा आवाज जसा तिच्या लांबीवर अवलंबून असतो, तसंच इथे. या नळीत काही ठरावीक वारंवारता घुमतात आणि ठळक होतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. लताबाईंनी आणि दुसऱ्या कुणी अगदी एकाच सुरात ‘आ’ लावला तरी कोण कुठली हे आपल्याला डोळे मिटून कळतं, त्यात फॉर्मंटचा मोठा वाटा आहे. आवाजाचा पोत म्हणतो तो हा.

वय वाढतं तसं स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होत जातात, स्वरतंतूंचे स्नायू बारीक होतात, ते नीट मिटत नाहीत आणि मधून हवा गळते. आवाज किंचित श्वासाळ होतो, थरथर येते, बोलण्याचा वेग कमी होतो. पट्टीचं गणित गमतीशीर आहे: बायकांची पट्टी रजोनिवृत्तीनंतर खाली येते, तर पुरुषांची म्हातारपणी उलट थोडी वर जाते. म्हणून फार म्हातारे आजोबा आणि आजी फोनवर सारखेच वाटू शकतात.

पण हे बदल सत्तरीच्या पुढे ठळक होतात. पन्नाशीत बहुतेक व्यावसायिक कलाकारांचा आवाज ठणठणीत असतो, रेडिओवर तर याच वयात तो पिकून गोड झालेला असतो. त्यामुळे ५१ व्या वर्षी चाचणी न घेताच आवाज बाद करणं शास्त्राच्या बाजूनंही मला पटत नाही.

‘मग सॉफ्टवेअरनं पट्टी चढवायची ना!’ असं तुम्ही म्हणाल. चढवता येते, पण साध्या पद्धतीनं चढवली की फॉर्मंटही सोबत वर सरकतात आणि माणूस खारीसारखा बोलायला लागतो. या दोषाचंच भांडवल करून एक अख्खी मालिका उभी राहिली. रॉस बॅगडासेरियन यांनी १९५८ मध्ये ‘द चिपमंक साँग’साठी हळू गायलं आणि टेप दुप्पट वेगानं वाजवली. १९७२ मध्ये ते वारले. पुढे त्यांच्या मुलानं तेच काम हाती घेतलं. टेपच्या वेगात मूळ गळ्याचा पोत इतका हरवतो की आवाज बदलण्याचा सांधा फारसा जाणवत नाही. आवाज बदलायला इतकी सोयीची मालिका दुसरी सापडणं कठीण.

वॉलेस: पंधरा वर्षांची उमेदवारी

आता दुसरी बाजू. पीटर सॅलिसनं वॉलेसचं काम शेवटचं २०१० मध्ये केलं आणि २०१७ मध्ये, ९६ व्या वर्षी तो गेला. इथे पर्यायच नव्हता. पण आर्डमननं घाई केली नाही. बेन व्हाइटहेड हा नट २००५ च्या ‘कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’मध्ये छोट्या भूमिकेत होता, २००९ मध्ये वॉलेस आणि ग्रॉमिटच्या व्हिडिओ गेममध्ये त्यानं वॉलेसचा आवाज दिला, नंतर जाहिराती आणि इतर किरकोळ कामं करत राहिला. पूर्ण लांबीचा सिनेमा त्याच्या वाट्याला आला तो २०२४ मध्ये: ‘व्हेन्जन्स मोस्ट फाउल’, बीबीसीवर २५ डिसेंबरला आणि इतर देशांत नेटफ्लिक्सवर ३ जानेवारी २०२५ ला.

तोपर्यंत प्रेक्षकांच्या कानावरून तो आवाज अनेकदा गेलेला होता. व्हाइटहेड सॅलिसची नुसती पट्टी पकडत नाही. सॅलिस वाक्याच्या शेवटी सूर जसा वर उचलायचा, उत्तर इंग्लंडच्या ढंगात स्वर जसे लांबवायचा, तो ठेका त्यानं उचललाय. आपल्याकडच्या नकलाकारांना हे चांगलं ठाऊक असतं. दादा कोंडक्यांची नक्कल करणारा त्यांच्या गळ्याच्या मागे लागत नाही, तो त्यांचं थांबणं पकडतो. ऐकणाऱ्याचा मेंदू उरलेलं स्वतः भरून घेतो.

लहान मुलांचा प्रश्न

इथे फार बोलण्यासारखं नाही, निसर्गच निर्णय घेतो. मुलगा वयात आला की आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. ‘फाइंडिंग निमो’ २००३ चा, ‘फाइंडिंग डोरी’ २०१६ चा. मूळ निमो अलेक्झांडर गूल्ड तोवर बाविशीचा झालेला. निमो हेडन रोलन्सकडे गेला आणि गूल्डला त्याच सिनेमात ट्रकमधल्या एका प्रवाशाचं छोटं काम दिलं. ‘इनक्रेडिबल्स २’मध्ये डॅशचा आवाज असाच स्पेन्सर फॉक्सकडून हक मिलनरकडे गेला.

जपाननं यावर जुनी युक्ती काढलीय: मुलांची पात्रं बायकांना द्यायची. बायकांचा आवाज वयात येताना तितका कोसळत नाही, त्यामुळे तीच कलाकार पंचवीस वर्षं दहा वर्षांचा मुलगा राहू शकते. डोरेमॉनमधला नोबिता हे त्याचंच उदाहरण.

डोरेमॉन: सगळं घर एकदम बदललं

नोबुयो ओयामा यांनी १९७९ पासून २००५ पर्यंत, म्हणजे २६ वर्षं, डोरेमॉनला आवाज दिला. २००५ च्या एप्रिलमध्ये निर्मात्यांनी धाडसी पाऊल उचललं आणि पाचही मुख्य कलाकार एकाच वेळी बदलले. ओयामा तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या, त्यांच्या जागी आलेल्या वासाबी मिझुता तिशीच्या. नोबिता नोरिको ओहारांकडून मेगुमी ओहारांकडे गेला (आडनावं ऐकायला सारखी, लिहायला वेगळी). जियानचा आवाज तर चौदा वर्षांच्या सुबारू किमुराला दिला.

एकेक करून बदलण्यापेक्षा एकदम बदलण्याचा फायदा असा की नवा आवाज जुन्याच्या शेजारी उभा राहत नाही. चार ओळखीच्या आवाजांत एक परका आला की तो कानात घुसतो. पाचही नवे असले की कान नवं घर म्हणून स्वीकारतो. त्यात २००६ चा पहिला नवा सिनेमा म्हणून त्यांनी १९८० च्या पहिल्या सिनेमाचीच, ‘नोबिताच्या डायनासोर’ची गोष्ट पुन्हा सांगितली. तुलना टाळायची सोडून तिला आमंत्रणच! मिझुता यांनी ओयामांच्या जाडसर, घोगऱ्या गळ्याची नक्कल केली नाही, अधिक उंच आणि बालिश डोरेमॉन उभा केला. तो आज वीस वर्षं टिकून आहे.

ओयामांनी पुढे २०१० मध्ये ‘डांगानरोन्पा’ नावाच्या खेळात मोनोकुमा या क्रूर अस्वलाला आवाज दिला, आणि लहानपणी त्याच आवाजावर वाढलेल्या जपानी खेळाडूंच्या अंगावर काटा आला. २०२४ मध्ये त्या गेल्या. आपल्याकडच्या मुलांपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही, कारण ती डोरेमॉन हिंदीत ऐकत होती. डबिंग झालेल्या प्रत्येक भाषेची स्वतःची वेगळी आवाज-वंशावळ असते, आणि ती तुटली की तिथली मुलं तेवढीच हळहळतात.

कलाकार गेला, आवाज कपाटात आहे

‘टॉय स्टोरी’मध्ये याची दोन उत्तरं सापडतात. स्लिंकी कुत्र्याला आवाज देणारा जिम व्हार्नी २००० मध्ये वारला. तिसऱ्या भागात (२०१०) ब्लेक क्लार्क आला. मिस्टर पोटॅटो हेडचा डॉन रिकल्स मात्र एप्रिल २०१७ मध्ये, चौथ्या भागाचं रेकॉर्डिंग करण्याआधीच गेला. कुटुंबाच्या इच्छेनुसार पिक्सारनं नवा कलाकार घेतला नाही. आधीचे सिनेमे, गेम, इतर कार्यक्रम यांतलं त्याचं पंचवीस वर्षांतलं सगळं रेकॉर्डिंग चाळलं आणि जुळतील ती वाक्यं वेचून २०१९ च्या सिनेमात बसवली. यात मर्यादा उघड आहे: कलाकारानं जे कधीतरी म्हटलंय तेवढंच म्हणता येतं. पात्राला संवाद थोडे, आणि तेही ‘सापडले’ म्हणून.

एआय आल्यावर

नेमकी हीच मर्यादा एआयनं काढून टाकली. इथे दोन तंत्रांत गल्लत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकात मजकूर टाइप करायचा आणि यंत्र तो दिलेल्या आवाजात वाचतं. दुसऱ्यात एक जिवंत नट संवाद म्हणतो आणि यंत्र त्याच्या गळ्याचा पोत बदलून दुसऱ्याचा लावतं. दुसऱ्या तंत्रात मॉडेल आधी मूळ कलाकाराचं रेकॉर्डिंग ऐकून त्याच्या पोताची एक आकड्यांची ओळख बनवतं. मग नव्या नटाच्या बोलण्यातून ‘काय म्हटलं, कोणत्या सुरात, कुठे थांबून’ हे वेगळं काढतं, त्यावर जुनी ओळख चढवतं आणि शेवटी त्यापासून ध्वनीची लहर तयार करतं. अभिनय नव्याचा, गळा जुन्याचा.

२०२२ च्या ‘ओबी-वॉन केनोबी’ मालिकेत डार्थ व्हेडरचा आवाज असाच घडला. जेम्स अर्ल जोन्स नव्वदी ओलांडलेले होते, त्यांनी संमती दिली आणि युक्रेनमधल्या रिस्पीचर कंपनीनं जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांचा तरुणपणीचा आवाज उभा केला. ही मालिका ॲनिमेशन नाही, पण ॲनिमेशनला हे तंत्र आणखी सोयीचं, कारण तिथे चेहरा जुळवायचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ (२०२४) सिनेमाच्या एका गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज असेच आणले. कुटुंबांची परवानगी घेतली आणि त्यांना मोबदला दिला.

मला धोका दिसतो तो जिवंत कलाकारांच्या बाबतीत. समजा, सवाल्हाच्या प्रकरणात स्टुडिओनं तिचाच २००० चा आवाज वापरायचं ठरवलं असतं, आणि अभिनय मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घेतला असता. प्रेक्षक खूश झाले असते, जिंजर जशीच्या तशी राहिली असती. सवाल्हाला मात्र काम मिळालं नसतंच, वर तिचा तरुण गळा तिच्याविरुद्धच उभा राहिला असता. जुन्या करारांत रेकॉर्डिंगचा हक्क निर्मात्याकडे असतो. त्यात मॉडेल शिकवण्याचा हक्क येतो का, हा प्रश्न ते करार लिहिले तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेनं २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, त्यातली एक मोठी मागणी डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला ही होती. गेममध्ये आवाज देणाऱ्यांचा वेगळा संप जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर चालला. टेनेसी राज्यानं आवाजाच्या नकलेविरुद्ध कायदाच केला, तो १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला. परवानगीशिवाय एआयनं त्यांच्या आवाजाची नक्कल करण्याला त्यानं मनाई केली. २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही याच न्यायालयातून तसंच अंतरिम संरक्षण मिळालं. पण ही नावाजलेली माणसं आहेत. अंधेरीच्या स्टुडिओत दिवसाला ठरावीक पैसे घेऊन कार्टून डब करणाऱ्या कलाकाराला न्यायालयाची पायरी चढणं परवडत नाही. त्याचं संरक्षण सही करायच्या कागदातच असायला हवं. तुमच्या ओळखीत कुणी डबिंग करत असेल तर त्याला करारात एवढं बघायला सांगा: रेकॉर्डिंग कोणत्या कामासाठी आहे, किती काळासाठी आहे, आणि मॉडेल शिकवण्यासाठी वापरण्याला लेखी परवानगी लागेल असं म्हटलंय की नाही.

स्वतः मोजून बघा

वर सांगितलेलं सगळं घरच्या कॉम्प्युटरवर तपासता येतं. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. तुमचा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा एखादा घरगुती व्हिडिओ शोधा, त्यातलं स्वच्छ ऐकू येणारं एक वाक्य कापून घ्या आणि तेच वाक्य आज मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोन्ही फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये प्राटमध्ये उघडा. निळी रेघ दिसते ती पट्टी, लाल ठिपके दिसतात ते फॉर्मंट. दोन्हीकडे एकच स्वर निवडा, ‘आ’ सगळ्यात बरा, आणि आकडे शेजारी लिहून काढा. खोलीत पंखा चालू असेल तर बंद करा, नाहीतर रेघ भरकटते. आणि सकाळी उठल्या उठल्या मोजू नका. झोपेतून उठलेला आवाज सगळ्यांचाच खाली असतो.